गरुडनिष्ठ मोरेश्वररावांनी खारीचे यंत्र उभारिले त्याची हकीकत

बुद्धी देणाऱ्या श्रीगजाननास आणि वीज देणाऱ्या महामंडळास साष्टांग नमस्कार करून, दोहोंपैकी कोणीही लिहिता लिहिता पाठ फिरवू नये ऐसी प्रार्थना करून, वृत्तांत लिहितो तो ऐसा : शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद वद्य पक्षी एका राज्यात नूतन संगणकयंत्र उभारण्याची मसलत पडली. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु साल बहुत आनंदाचे गेले. क्रोध म्हणावा ऐसा एकवारच जाहला आणि तोही मिक्सरावरून, ते यथाक्रम येईल.

राज्याचे नाव लिहावयाची परवानगी नाही. विस्तार ऐसा की पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस जिना, दक्षिणेस पाण्याची टाकी आणि उत्तरेस कर्णिकांचे राज्य, ज्यांशी वाटीभर साखरेचा आणि रविवारच्या पुरवणीचा सलोखा होता. गादीवर श्रीमंत मोरेश्वरराव महाराज. पूर्वी पस्तीस वर्षे नगराच्या पाणीपुरवठ्याची सुभेदारी केली, कोणत्या पेठेत किती वाजता नळ सुटेल हे जिभेवर ठेविले, आणि मग शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त जाहले. स्वभाव दयाळू, बोलणे मोठे, झोप दुपारची. दोष म्हणावा तर एकच की महाराज गरुडछापाचे एकनिष्ठ. गरुडछाप म्हणजे संगणकाचे भाग घडविणारे जुने मातबर घराणे, ज्याच्या प्रत्येक खोक्यावर पंख पसरलेला गरुड असे. महाराजांचे पहिले यंत्र गरुडछाप, दुसरे गरुडछाप, आणि दोहोंची रिकामी खोकी माळ्यावर ऐसी जपून ठेविली की त्यांत आकाशकंदील ठेवावा म्हटले तरी महाराज ठेवू देत नसत. खाशांच्या स्कूटरीवरही गरुडाचे चित्र चिकटविलेले होते, आणि निवडणुकीचे दिवसांत चौकीवरच्या शिपायाने "कोणत्या पक्षाचं चिन्ह हे?" म्हणून अडविले, तेव्हा महाराज ताठ मानेने बोलिले की, "पक्ष नाही, पक्षी आहे," आणि तैसेच पुढे गेले.

या निष्ठेचे मूळ ऐसे. बहुत वर्षांमागे पहिले यंत्र भर कामात बंद पडले आणि दुसरे दिवशी नगराच्या पाण्याचा तक्ता वर रवाना करणे होते. ते समयी गरुडाच्या कचेरीतून साठे नामे गृहस्थ रविवार असता सायकलीवरून आले, रेनकोट जिन्यात वाळत घातला, पाऊण तासात यंत्र चालते केले आणि एक कप चहाखेरीज काही घेतले नाही. ते दिवसापासून महाराजांनी मनातल्या मनात बेलभंडार उचलिला की यंत्र घ्यावे तर गरुडाचेच, आणि साठ्यांच्या सायकलीचे ऋण सबंध घराण्याकडे लाविले.

महाराजांस कन्या एकच, राजकन्या शाल्मलीबाईसाहेब, वय वर्षे पंचवीस, संगणकावर हलती चित्रे रचण्याच्या विद्येत निपुण. तिजला परमुलखातील एका थोर चित्रशाळेचे पत्र आले की, एक मिनिटाचे चित्र करून दाखवावे, चित्रात पायऱ्यांची जुनी बारव असावी आणि तीत पाणी पायरी पायरीने चढावे. कोजागिरीस दुपारी बारापर्यंत पोहोचले आणि मनास आले तर वर्षभराचे काम घरबसल्या दिले जाईल, न पोहोचले तर यादीत दुसरे नाव आहेच. राजकन्येने पाच वर्षे लग्नाच्या चित्रफितींत गुलाबाच्या पाकळ्या उडविण्यात काढली होती, आणि पाकळ्या उडवून हात शिणले होते, म्हणोन हे पत्र तिने तीन वेळा वाचिले. परंतु मिनिटभराच्या चित्रास चौदाशें चाळीस चित्रे लागतात, आणि जुने यंत्र एकेका चित्रास पाऊण पाऊण तास घेई आणि मध्येच घरघर करून विश्रांती घेई. त्याच्या भरवशावर राहते तर पाणी पुढील संक्रांतीस दुसऱ्या पायरीवर येते. म्हणोन नूतन यंत्र, तेही घरीच एकेक भाग आणून जोडलेले, ऐसे ठरले.

पितृपक्ष चालू असल्याकारणे खरेदी करता येत नव्हती, भांडता येत होते. राणीसरकार कुमुदिनीबाईंनी खजिन्यातून मोहिमेस जी रक्कम मंजूर केली तिच्यापलीकडे एक पैही नाही हे पोळी लाटता लाटता जाहीर केले, आणि मग जेवणाच्या मेजावर खलबत बसले. राजकन्येने यादी पुढे ठेविली. यादीत प्रोसेसर, जो यंत्राचा कारभारी. ग्राफिक कार्ड, जो यंत्राचा चितारी. आणि रॅम, जी यंत्राची ओसरी, कारण ओसरी जितकी मोठी तितका पसारा एकाच वेळी मांडता येतो. कारभाऱ्यापुढे लिहिले होते : खारछाप. खारछाप म्हणजे अलीकडे उदयास आलेले घराणे, ज्याच्या खोक्यावर शेपटी उभारलेली खार असे. महाराजांनी यादी हातात घेतली, चष्मा चढविला, उतरविला आणि बोलिले, "खार? कारभारी म्हणून खार? उद्या दिवाणजी म्हणून चिचुंद्री आणशील."

राजकन्या बोलिली, "बाबा, सगळं गरुडाचं घेतलं तर एवढ्या पैशात रॅम निम्मी येते आणि कार्ड अगदीच हलकं. बारवेतलं पाणी त्यात मावतच नाही. खारछाप घेतला तर उरलेल्या पैशात दोन्ही दुप्पट. हे बघा चाचण्यांचे आकडे."

"आकडे मला दाखवू नकोस. पस्तीस वर्षं मी सरकारला आकडे पुरवलेत. आकडे कसे होतात ते मला ठाऊक आहे."

"पण काम माझं आहे ना? मला पाणी दाखवायचंय, खोका नाही."

"गरुडानं मला कधी दगा दिलेला नाही, शालू."

"बाबा, गरुडाला तुम्ही आहात हेसुद्धा माहीत नाही."

"साठ्यांना माहीत होतं!" ऐसे महाराज गरजले, आणि आमटीत तरंग उठले. तेव्हा राणीसरकार, ज्या आजवर मिक्सर घेताना नाव न पाहता भांड्याची कडी आणि खालची चकती बोटाने हलवून पाहत, त्या शांतपणे बोलिल्या, "साठ्यांनी गरुड सोडून वीस वर्षं झाली हो. भाच्याच्या रसवंतीवर बसतात आता. माणूस चांगला होता, पण तो काही खोक्यात घालून देत नाहीत." यावर महाराजांची मर्जी खप्पा जाहली. दोन दिवस खाशांनी भातावर तूप मागितले नाही, आणि वाढले तर नको म्हटले नाही.

तिसरे दिवशी राणीसरकारांच्या मध्यस्थीने तह जाहला. कारभारी, चितारी आणि ओसरी ही तीन ठाणी राजकन्येच्या मर्जीने भरावी, आणि पंख्याचे एक ठाणे महाराजांकडे राहावे. पंखा म्हणजे कारभाऱ्याच्या डोकीवर बसून त्यास थंड ठेवणारा. तो गरुडछाप असावा, किंचित महाग पडला तरी कोणी बोलू नये, आणि तो बसविण्याचा मान खाशांचा असावा. राजकन्या हसून बोलिली, "मंजूर. खारीच्या डोक्यावर गरुड," आणि महाराजांस हे वाक्य इतके पसंत पडले की दुसरे दिवशी भातावर तूप मागून घेतले.

मग घटस्थापनेचे सुमुहूर्ते स्वारी निघाली आणि यंत्रबाजारात मेघराजशेठ यांचे पेढीवर मुक्काम केला. हे शेठ बावीस वर्षे याच व्यवहारात, जीभ गोड, नजर गिऱ्हाइकाच्या चपलेपासून सुरू होणारी. राजकन्येची यादी वाचून मान डोलाविली आणि बोलिले, "बेन, यादी एकदम बरोबर हाय. कोणी शिकवली?" राजकन्या बोलिली, "गरजेनं." मग महाराजांकडे वळून, "आणि काका, तुमाला काय दाखवू?" महाराजांनी स्वर उंच करून "गरुडछाप पंखा" मागितला. शेठ बोलिले, "दुसरा पण हाय, अर्ध्या भावात, वारा तेवढाच." महाराजांनी दुकानातील यच्चयावत मंडळींस ऐकू जाईल ऐसे सांगितले, "शेठ, वारा सगळीकडे मिळतो. आम्ही घराणं बघतो." शेठांनी तत्काळ पंखा काढिला. येणेप्रमाणे सर्व भाग रिक्षात घालून, गरुडाचे खोके खाशांनी मांडीवर घेऊन, स्वारी राज्यात परत आली.

आता या राज्याची रीत ऐसी की नवे हत्यार खंडेनवमीची पूजा जाहल्याखेरीज चालवू नये. राजकन्येने मनातल्या मनात दिवस मोजिले आणि बोलिली, "नवमीला दुपारी जोडू, दशमीला काम सुरू, पौर्णिमेला पाठवू. बसतंय." मधल्या दिवसांत तिने जुन्या यंत्रावर बारवेच्या पायऱ्या घडविल्या, चिरा चिरा लाविला, फक्त पाणी सोडायचे ठेविले. नवमीचे सकाळी महाराजांनी सोवळे नेसून पाटावर सर्व भाग मांडिले, शेजारी राणीसरकारांचा मिक्सर, शिवणयंत्र, खाशांचा पाण्याच्या खात्यातला मोठा पाना, आणि जिन्याखाली स्कूटर. झेंडूची माळ जाहली, हळद-कुंकू जाहले, आणि मग महाराजांनी गरुडछाप पंख्याचे खोके उघडिले तो आत एक लहान पिचकारी निघाली, डॉक्टरांकडील इंजेक्शनासारखी, परंतु सुई नाही, आणि आत राखाडी, मऊ, चकचकीत लेप. चष्मा देवघरात राहिला होता, आणि पिचकारीवरील अक्षर मुंगीच्या पायाएवढे. महाराजांनी लेप बोटावर घेतला, वास घेतला, आणि डोळ्यांत पाणी आले.

"अहो, इकडे या!" ऐसी हाक मारून राणीसरकारांस बोलाविले आणि म्हणाले, "पाहा! पूजेचं गंध पाठवलंय. भस्माचं! खंडेनवमीला हत्यारं पुजतात हे कंपनीला ठाऊक आहे. याला म्हणतात घराणं. आहे का हे तुमच्या खारीच्या खोक्यात?" खारीच्या खोक्यात पाहिले, नव्हते. मग महाराजांनी हात सैल सोडिला. पडद्यास टिळा, कळफलकास टिळा, मिक्सरास तीन बोटे, शिवणयंत्रास, पान्यास, उंबऱ्यास, स्कूटरीवरच्या गरुडास दोन वेळा, आणि शेवटचे उरले ते आपल्या कपाळी आडवे ओढिले. पिचकारी रिकामी जाहली तेव्हा महाराजांचे मन भरले. थोड्या वेळाने राणीसरकार फडके घेऊन बोलिल्या, "हे गंध पुसलं जात नाही हो. मिक्सरवर डाग पडला." महाराज प्रसन्न मुद्रेने बोलिले, "जात नाही म्हणजेच अस्सल. हलका माल असता तर एव्हाना उडाला असता." यावरून राणीसरकारांस जो क्रोध आला तोच या संवत्सरातील क्रोध होय, आणि तो पुरणपोळ्या होईपर्यंत टिकला.

दुपारी यंत्र जोडावयास घेतले. राजकन्या पाटाशी बसून एकेक भाग ऐसी बसवीत होती की पाहणाऱ्यास भरतकाम वाटावे. कारभारी आपल्या चौकटीत बसला, ओसरीच्या पट्ट्या कट् आवाज करून बसल्या, चितारी बसला, इतक्यात चित्रशाळेचा फोन आला आणि ती गॅलरीत गेली. महाराजांनी घड्याळ पाहिले तो राहुकाळ लागावयास आठ मिनिटे. पंख्याचे ठाणे खाशांचे, मान खाशांचा, तहात लिहिलेले, तेव्हा वाट कोणाची पाहावी? चारही स्क्रू स्वहस्ते आवळिले, थोपटून पाहिले, आणि राजकन्या परत आली तेव्हा पंखा कारभाऱ्याच्या डोकीवर ऐटीत बसलेला. ती बोलिली, "वा बाबा, सरळ बसवलात की!" आणि पुढे तारा जोडू लागली.

कळ दाबताच यंत्र उजळले, सर्वांनी टाळ्या पिटिल्या, राणीसरकारांनी साखर ठेविली. मग राजकन्येने बारवेत पाणी सोडिले. पहिले चित्र निम्मे उमटले आणि यंत्र पटकन बंद. पुन्हा चालू केले, पुन्हा बंद. तारा काढून घातल्या, ओसरीच्या पट्ट्या पुसून घातल्या, भिंतीवरचा प्लग बदलिला, तरी तेच. चार मिनिटे जगावे आणि प्राण सोडावा ऐसे बारा वेळा जाहले. महाराज मागे हात बांधून उभे होते. बाराव्या वेळी बोलिले, "मी काही बोलत नाही. पण खार ती खार." राजकन्येने वर पाहिले नाही. दिवेलागणीस तिने हात धुतले, ताट वाढून घेतले, आणि महाराजांस जिंकल्याचा आनंद ऐसा जाहला की पुरणपोळ्या दोनच खाल्ल्या. राणीसरकारांनी तिसरी पुढे केली तो नको म्हणाले, आणि का नको हे खाशांसही सांगता येईना.

दसऱ्याचे सकाळी महाराज गॅलरीत बसून, चष्मा लावून, गरुडछाप पंख्याबरोबरचे माहितीपत्रक वाचू लागले. हेतू इतकाच की घराण्याने काय काय हमी दिली आहे ते पाठ करून शेठांपुढे म्हणावे. पत्रकात चित्रे होती. पहिल्यात पंखा, दुसऱ्यात स्क्रू, तिसऱ्यात कारभारी, आणि चौथ्यात पिचकारी. तीच पिचकारी. एक हात ती कारभाऱ्याच्या पाठीवर धरून वाटाण्याएवढा थेंब सोडीत होता, आणि खाली ठळक लिहिले होते की हा लेप लाविल्यावाचून पंखा बसवू नये, कारण कारभाऱ्याची उष्णता पंख्यापर्यंत पोहोचत नाही आणि यंत्र स्वसंरक्षणार्थ बंद पडते. महाराजांनी चौथे चित्र पाहिले, उलटे धरून पाहिले, आणि मग हात आपोआप कपाळी गेला. लेप तेथेच होता. अस्सल होता.

ते समयी आतून राजकन्येचा आवाज आला. ती खारछाप कारभाऱ्याचे रिकामे खोके काढून बसली होती. "बाबा," ती बोलिली, "तुमचंच खरं. प्रोसेसरच खराब निघाला बहुतेक. शेठ बदलून देतील, गरुडाचाच आणू. रॅमची एक पट्टी परत करावी लागेल, पैसे तेवढेच आहेत. पाणी काढून टाकते चित्रातून. कोरडी बारव दाखवते. पायऱ्या तरी चांगल्या झाल्यात."

महाराज उठले नाहीत. त्यांच्या हाती इतके दिवस मागितलेले सर्व आपसूक आले होते. गरुड येत होता, खार जात होती, आणि पत्रक चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेविले की पुढे कोणास कळण्याचा संभव नव्हता. परंतु ज्याने पस्तीस वर्षे नळाला पाणी येते की नाही एवढाच एक धंदा केला, त्याच्या कानात "कोरडी" हा शब्द जाऊन बसला. त्यांनी मनात गरुडाची क्षमा मागितली, मग लक्षात आले की गरुडाने तर पत्रकात चित्र काढून सांगितले होते, क्षमा मागायची ती दुसरीकडेच. तेव्हा महाराज आत गेले आणि पत्रक कन्येपुढे धरून बोलिले, "शालू, खार चांगली आहे. लेप माझ्या कपाळावर आहे."

राजकन्येने पत्रक पाहिले. महाराजांचे कपाळ पाहिले. मग उंबरा, पडदा, मिक्सर ऐसे क्रमाने पाहत गेली. "म्हणजे... ते भस्म...? मला वाटलं, लेप पंख्याला लागूनच आला असेल." महाराज बोलिले, "स्कूटरीवरही आहे. दोन बोटं." तिने तोंडावर ओढणी घेतली, खांदे हालू लागले, महाराज घाबरले की पोर रडते, आणि ओढणी खाली आली तो हसून हसून डोळ्यांतून धारा. राणीसरकार स्वयंपाकघरातून आल्या, कारण कळले, आणि बोलिल्या, "तरी म्हटलं, देवाचं गंध इतकं चिवट नसतं." मग त्याही बसल्या. हसणे ओसरल्यावर राजकन्या पुन्हा पत्राच्या तारखेकडे पाहून गंभीर जाहली आणि बोलिली, "बाबा, आज दसरा. बाजार बंद. लेप आज मिळाला तरच पौर्णिमा गाठता येईल. एक दिवस गेला की संपलं." महाराजांनी टोपी घातली, ती कपाळावर ओढून घेतली, आणि बोलिले, "दुकान बंद असतं. शेठ बंद नसतो."

मग आपट्याची पाने खिशात घालून खाशांनी स्कूटर काढिली आणि एकटेच मेघराजशेठ यांचे घरावर कूच केले. शेठ नवा झब्बा घालून जिलबी खात होते. महाराजांनी सोने दिले, गळाभेट जाहली, आणि गळाभेटीत टोपी सरकली. शेठ टक लावून पाहत राहिले. "काका," ते हळूच बोलिले, "हा टिळा... हा तर लेप हाय."

"आहे," महाराज बोलिले. "सगळा लावला. प्रोसेसर सोडून." आणि सर्व वृत्तांत, काही न वगळता, स्कूटरीसह सांगितला.

शेठांनी जिलबी खाली ठेविली. "बावीस वरस धंदा करतो. कमी लावणारे बघितले, जास्त लावणारे बघितले. भक्तीनं लावणारा पहिला माणूस तुमी." मग इतके हसले की आतून शेठाणी पाणी घेऊन आल्या. हसणे आवरून शेठांनी कपाटातून दोन पिचकाऱ्या काढिल्या, एकीवर गरुड, दुसरी कोरी, आणि पुढे ठेविल्या. महाराजांचा हात सवयीने गरुडाकडे गेला. मध्येच थांबला. आणि महाराजांनी जन्मात प्रथमच तो प्रश्न विचारिला, जो राणीसरकार गेली तीस वर्षे दर दुकानात विचारीत आल्या : "दोन्हीत फरक काय?"

"खरं सांगू? सण हाय म्हणून सांगतो. गरुडाचा महाग. लेप दोगांचा तेवढाच थंड ठेवतो."

"मग कोरी द्या," महाराज बोलिले, आणि हे शब्द बोलूनही काही पडले नाही, छत जाग्यावर राहिले. शेठांनी मोल घेतले नाही. जिलबीचा पुडा मात्र बळेच बरोबर दिला.

दसऱ्याचे दुपारी, विजयमुहूर्ती, राजकन्येने पंखा उचलून वाटाण्याएवढा थेंब कारभाऱ्याच्या पाठीवर सोडिला, पिचकारीवर महाराजांनी डोळ्यांत तेल घालून पहारा केला, आणि पंखा पुन्हा बसविण्याचा मान तिने आपणहून खाशांस दिला. कळ दाबिली. चार मिनिटे गेली. पाच गेली. दहा गेली. पहिले चित्र पुरे जाहले, दुसरे जाहले, आणि यंत्र माजघरातील मांजरासारखे मंद गुरगुरत राहिले. तेथून कोजागिरीपर्यंत यंत्र अहोरात्र चालत होते. घरात मिक्सर लावायचा तरी आधी विचारून लावीत, न जाणो फ्यूज जाईल, आणि चटणी पाट्यावर वाटली गेली. महाराज येता जाता पंख्यापुढे हात धरून वारा गरम येतो की गार ते पाहत आणि कोणी न विचारता "ठीक आहे" म्हणून वर्दी देत.

कोजागिरीचे सकाळी अकरा वाजता शेवटचे चित्र उतरले. राजकन्येने सर्व जोडून एकवार चालवून पाहिले. उन्हाने तापलेली बारव, पायऱ्यांवर गवताचे तुरे, आणि तळातून पाणी निघाले, पहिल्या पायरीस टेकले, क्षणभर थांबले, मग कड ओलांडून दुसरीवर आले. महाराज खुर्चीच्या पाठीस धरून उभे होते. बोलिले, "थांबतं बघ कडेला. पाणी असंच थांबतं. हे तुला कोणी सांगितलं?" राजकन्या बोलिली, "लहानपणी तुम्ही टाकी भरताना न्यायचात ना मला दाखवायला." महाराजांनी चष्मा पुसला आणि बोलिले, "पाठव लवकर, बारा वाजतील." अकरा वाजून चाळीस मिनिटांनी चित्र रवाना जाहले. तिसरे दिवशी उत्तर आले की पाणी पसंत पडले, वर्षाचे काम दिले आहे, पहिल्या चित्रात नदी हवी. राज्यात साखर वाटिली, वाटीने नव्हे, डब्याने, आणि कर्णिकांकडेही गेली.

साखर खाऊन कर्णिक अभिनंदनास आले आणि बसता बसता बोलिले की, मलाही एक यंत्र घेणे आहे, कोणते घ्यावे? हे ऐकताच महाराज आसनावरून उठले. खारीचे कुळ, खारीचे शौर्य, खारीची काटकसर, ऐसे पाऊण तास सांगितले. कर्णिकांचा चहा निवाला. राजकन्येने मध्ये विचारिले, "काका, यंत्रावर करणार काय तुम्ही?" कर्णिक बोलिले, "पत्ते खेळीन. वीजबिल भरीन." ती बोलिली, "मग एवढं मोठं नको. सध्या गरुडाचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतंय आणि तुमच्या कामाला पुरून उरेल. तेच घ्या."

महाराज जागच्या जागी थिजले. "गरुड?" ते बोलिले. "ज्या खारीनं दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत डोळ्याला डोळा लावला नाही, तिच्यासमोर उभं राहून गरुडाचं नाव घेतेस?"

"बाबा, तिला डोळे नाहीत."

"ते काही असो. या घरात खारीविरुद्ध एक शब्द मी ऐकून घेणार नाही!"

राणीसरकारांनी कर्णिकांस दुसरा चहा आणून दिला. कर्णिकांनी पुढे गरुडाचेच छोटे यंत्र घेतले आणि सुखाने पत्ते खेळू लागले. महाराजांनी आठ दिवस त्यांची पुरवणी धाडिली नाही, नवव्या दिवशी स्वतः नेऊन दिली.

येणेप्रमाणे यंत्र उभे राहिले, पाणी चढले, काम आले. मोल पारखण्याची विद्या राज्यात दोघींस होती, ती दोघींकडेच राहिली. महाराजांची निष्ठा होती तितकीच राहिली, फक्त पंख सोडून शेपटीवर येऊन बसली. जाहले ते इतके.